उसनी वाणी आणि स्त्रीची अवहेलना : फिलिपिनो रॅपकाव्यासंबंधी काही विचार

फिलिपाईन्समधील हिपहॉपविषयी जे विवेचन आढळते त्यात दोन आक्षेप वारंवार घेतलेले दिसतात. पहिला आक्षेप असा, की ही कला फिलिपिनो तरुणांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांकडून उचलली. त्यांची बोली, त्यांचा पेहराव, त्यांचे हावभाव घेतले, परंतु ज्या दुःखातून ती कला जन्माला आली त्याच्याशी नाते जोडले नाही. यालाच सांस्कृतिक अपहार असे नाव दिले जाते. दुसरा आक्षेप स्त्रीविषयक आहे. या गीतांत स्त्री येते ती भोगवस्तू म्हणून, थट्टेचा विषय म्हणून, किंवा प्रतिस्पर्ध्याला घायाळ करण्याचे हत्यार म्हणून. हे दोन आक्षेप बहुधा वेगवेगळे मांडले जातात आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळी दिली जातात. अपहाराच्या आरोपाला उत्तर मिळते ते असे, की पद्यातून वाद घालण्याची कला आमच्याकडे पूर्वापार आहे आणि रॅप हे तिचेच नवे रूप होय. स्त्रीद्वेषाच्या आरोपाला उत्तर मिळते ते असे, की हा दोष मूळ अमेरिकन कलेचा असून तो तिच्याबरोबर आला. ही दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवली म्हणजे त्यांतील विसंगती ध्यानात येते. गुण तेवढे वारशाने आले आणि दोष तेवढे परदेशातून आले, असा हा हिशेब आहे. तो कितपत खरा आहे हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मूळ कलेविषयी थोडे सांगितले पाहिजे. तालाच्या ठेक्यावर यमकबद्ध पंक्ती वेगाने बोलत जाणे म्हणजे रॅप. आणि रॅप, तबकड्या फिरवून व घासून संगीत साधणारा वादक, एक विशिष्ट नृत्य आणि भिंतींवरील रंगलेखन या सर्वांना मिळून हिपहॉप म्हणतात. या कलेचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीत जो नृत्यसमारंभ झाला त्यापासून तिचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. त्या समारंभात तबकड्या वाजविणारा कूल हर्क याचे नाव सर्वतोमुखी आहे. तो समारंभ घडवून आणणारी त्याची बहीण सिंडी कॅम्बेल हिचे नाव मात्र त्या मानाने थोड्यांनाच ठाऊक असते. पुढे १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि रॅप जगभर पोहोचला. तिची निर्मिती सिल्व्हिया रॉबिन्सन या स्त्रीने केली होती. त्या गीतातील काही कडवी ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्याच कवीची होती आणि त्याला त्यांचे श्रेय देण्यात आले नाही. अपहाराचा प्रश्न या कलेत सातासमुद्रांपलीकडे गेल्यावर उत्पन्न झाला असे नव्हे. पहिल्याच गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेत तो होता.

याच गीताचे विनोदी अनुकरण १९८० साली द्योर्ड्स हावियेर याने मनिलात केले. ‘ना ओन्सेंग डिलाइट’ हे त्याचे नाव. मूळ गीताचे स्मरण नावातच आहे. फिलिपिनो रॅपचा आरंभ असा नकलेतून झाला. परंतु नकलेतून झालेला आरंभ हा अपहारच असतो असे मानण्याचे कारण नाही. अपहार म्हणण्यासाठी घेणारा बलिष्ठ आणि ज्याचे घेतले तो दुर्बळ, असा संबंध असावा लागतो. फिलिपाईन्स आणि कृष्णवर्णीय अमेरिका यांच्यातील संबंध इतका सरळ नाही.

स्पेनने हा द्वीपसमूह १८९८ च्या पॅरिस तहान्वये दोन कोटी डॉलर्स घेऊन अमेरिकेच्या स्वाधीन केला. फिलिपिनो जनतेने हा व्यवहार मानला नाही आणि १८९९ साली युद्ध पेटले. त्या युद्धात अमेरिकेने कृष्णवर्णीय पायदळाच्या पलटणीही पाठविल्या. गोरे सैनिक फिलिपिनो लोकांना जी शिवी देत ती तीच होती, जी मायदेशी ते आपल्या कृष्णवर्णीय बांधवांना देत असत. २४ व्या पायदळातील डेव्हिड फेगन हा कृष्णवर्णीय शिपाई अमेरिकन सैन्य सोडून फिलिपिनो क्रांतिकारकांना जाऊन मिळाला आणि त्यांच्या सैन्यात अधिकारी झाला. दोन अंकित समाजांनी एकमेकांना ओळखल्याचा हा प्रसंग आहे. १९४६ साली फिलिपाईन्स स्वतंत्र झाले, तरी क्लार्कचा हवाई तळ आणि सुबिकचा आरमारी तळ अमेरिकेकडेच राहिले. तळांवरील नभोवाणी, सैनिकांच्या तबकड्या आणि नृत्यगृहे यांतून अमेरिकन संगीत सभोवतालच्या गावांत झिरपत राहिले. रॅप आला तो या जुन्या वाटेने, आणि अमेरिकेत गेलेल्या नातलगांच्या सामानातून.

शिवाय देणेघेणे एका बाजूनेच झाले असेही नाही. कॅलिफोर्नियात वाढलेल्या फिलिपिनो तरुणांनी तबकडीवादनाच्या कलेत मोलाची भर घातली. क्यू-बर्ट हा त्यांच्यातील अग्रणी. १९९२ साली तो व त्याचे साथीदार या कलेच्या जागतिक स्पर्धेत विजयी झाले. ज्याने मूळ भांडवलात भर घातली त्याला अपहर्ता म्हणता येणार नाही. फ्रान्सिस मागालोना याचीही गोष्ट अशीच आहे. १९९० साली ‘यो!’ हा त्याचा गीतसंग्रह निघाला. त्यातील ‘मंगा काबाबायान’, म्हणजे ‘देशबांधवांनो’, या गीताने रॅपला राष्ट्रीय उद्बोधनाचे रूप दिले. तागालोग आणि इंग्रजी यांचे जे मिश्रण मनिलाच्या रस्त्यांवर बोलले जाते ते त्याने काव्यात आणले. येथे घेतलेला साचा स्वतःच्या आशयाने भरलेला आहे.

अपहाराचा आरोप जेथे खऱ्या अर्थाने लागू पडतो ते स्थळ निराळे आहे. काही फिलिपिनो रॅपकार कृष्णवर्णीयांची केशरचना, त्यांचे उच्चार, इतकेच नव्हे तर त्यांनी आपसांत वापरावयाची ती जुनी शिवीही अलंकारासारखी मिरवितात. १८९९ साली हीच शिवी आपल्या पणजोबांना उद्देशून दिली गेली होती याची जाणीव ती उच्चारणाऱ्याला क्वचितच असते. तेव्हा या अपहारात दुसऱ्याचे हरण होते त्याबरोबर स्वतःच्या इतिहासाचे विस्मरणही होते. हे विस्मरण किती दूरवर जाते हे पाहावयाचे तर स्त्रीविषयक गीतांकडे वळले पाहिजे.

मागालोनाचा संग्रह ज्या वर्षी निघाला त्याच १९९० साली आंड्रू ई. या रॅपकाराचे ‘हुमानाप का नांग पांगेत’ हे गीत विलक्षण लोकप्रिय झाले. ‘कुरूप मुलगी शोध’ असा त्याचा अर्थ. सुंदर स्त्री सोडून जाईल आणि मनस्ताप देईल, म्हणून कुरूप पत्करावी, असा उपदेश त्यात विनोदाने केला आहे. लगोलग १९९१ साली मायकेल व्ही. याने ‘मागांदा आंग पिलिइन’ हे प्रत्युत्तर दिले. निवडायची तर सुंदरच निवडावी, असा त्याचा पक्ष. श्रोते या वादावर खूष झाले आणि दोघांचीही कारकीर्द बहरली. वादाचा विषय पाहा : पुरुषाने कोणती स्त्री घ्यावी? दोन पुरुष दोन पक्ष घेऊन बोलतात आणि जिच्याविषयी बोलायचे ती दोन्ही पक्षांत मुकी आहे. कुरूप म्हणून हिणविली गेलेली आणि सुंदर म्हणून गौरविली गेलेली, दोघींचेही मोल पुरुषाच्या सोयीवरून ठरते.

हा दोष अमेरिकेतून आला असे म्हणणाऱ्यांनी येथे फिलिपिनो वाङ्मयाचाच इतिहास आठवावा. ६ एप्रिल १९२४ रोजी मनिलातील ‘इन्स्तितुतो दे मुहेरेस’ या स्त्रीशिक्षणसंस्थेत पहिले ‘बालागतासान’ झाले. फ्रान्सिस्को बालागतास या महाकवीच्या नावाने सुरू झालेला हा काव्यवाद आपल्याकडील कलगी-तुऱ्याच्या सवालजवाबांची आठवण करून देतो. दोन कवी समोरासमोर उभे राहून वृत्तबद्ध रचनेत वाद घालतात आणि ‘लाकानदीवा’ नावाचा मध्यस्थ त्यांचे नियमन करतो. त्या दिवशी होसे कोराझोन दे हेसूस फुलपाखराच्या भूमिकेत होता आणि फ्लोरेन्तीनो कोयान्तेस भुंग्याच्या. वाद होता कांपुपोत या मोगऱ्याच्या जातीच्या फुलावर खरा हक्क कोणाचा याचा. फूल म्हणजे अर्थातच स्त्री; आणि अमेरिकन अंमलाखालच्या त्या काळात ती मातृभूमीचेही प्रतीक समजली गेली असल्यास नवल नाही. भाषा नाजूक, भाव उदात्त. पण रचना पाहिली तर सहासष्ट वर्षांनंतरच्या त्या विनोदी वादाहून ती फारशी निराळी नाही. दोन पुरुष, एक स्त्री, आणि तिच्या मालकीचा प्रश्न. आंड्रू ई. व मायकेल व्ही. यांनी फुलाची भाषा टाकून बाजाराची भाषा घेतली, एवढाच काय तो फरक. बालागतासान हा रॅपचा पूर्वज आहे हे म्हणणे मान्य केले, तर या वारशात हाही भाग आहे हे मान्य करावे लागते.

तथापि परंपरा म्हणजे एवढेच नव्हे. बालागतासानच्याही आधी ‘कारागातान’ आणि ‘दुप्लो’ हे पद्यखेळ प्रचलित होते. मृताच्या घरी जागरण करताना ते खेळले जात आणि त्यांत स्त्रिया व पुरुष दोघेही भाग घेत. कारागातानमध्ये समुद्रात पडलेल्या अंगठीच्या कथेचा आधार घेऊन कोडी घातली जात. दुप्लोमध्ये आरोप आणि बचाव पद्यातून चालत. म्हणजे जुन्या खेळात स्त्रीला उत्तर देण्याची जागा होती. व्यासपीठ सार्वजनिक आणि प्रतिष्ठेचे झाले तसतशी ती आक्रसली. स्त्रीचे मौन हा परंपरेचा अटळ भाग नव्हे. तो तिच्या एका टप्प्यावर पडलेला पायंडा आहे.

अमेरिकन मूळाविषयीही हेच म्हणता येते. यूटीएफओ या पुरुषमंडळीने एका गीतात रोक्सान नावाच्या काल्पनिक मुलीची टवाळी केली, तेव्हा १९८४ साली अवघ्या चौदा वर्षांच्या रोक्सान शँटे हिने त्या मुलीच्या भूमिकेतून झणझणीत उत्तर ध्वनिमुद्रित केले. १९८९ साली क्वीन लतीफा हिने मोनी लव्ह हिच्या साथीने ‘लेडीज फर्स्ट’ हे गीत गायिले. अमेरिकन हिपहॉपमध्ये स्त्रीद्वेष होता, तसा त्याला दिलेला जबाबही होता. उसने घेणाऱ्याच्या समोर दोन्ही होते. त्याने त्यांतून जे निवडले ते त्याला ओळखीचे होते, म्हणून निवडले. बेल हुक्स या कृष्णवर्णीय विदुषीने १९९४ सालीच असे दाखवून दिले होते, की गँगस्टर रॅपमधील स्त्रीद्वेष हा कृष्णवर्णीय तरुणांचा खास दुर्गुण नसून सबंध समाजात मुरलेल्या पुरुषसत्तेचेच ते प्रतिबिंब आहे. हे ध्यानात घेतले तर ‘दोष त्यांच्याकडून आला’ या बचावाचे स्वरूप उघडे पडते. ज्याच्याकडून घेतले त्याचे ऋण मानायचे नाही, आणि घरातली घाण मात्र त्याच्या दारात लोटायची, असा तो प्रकार आहे. ऋणकोने धनकोवरच आळ घ्यावा तसे हे आहे. अपहार आणि स्त्रीद्वेष हे दोन आक्षेप येथे एकमेकांत मिसळतात.

या प्रश्नाला आज विशेष महत्त्व आले आहे ते ‘फ्लिपटॉप’मुळे. २०१० साली ॲनिग्मा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आलारिक रियाम युसोन याने हा उपक्रम अमेरिकन रॅपद्वंद्वांच्या धर्तीवर सुरू केला. संगीताच्या साथीवाचून दोन स्पर्धक समोरासमोर उभे राहतात, यमकांनी एकमेकांचा पाणउतारा करतात आणि पंच निर्णय देतात. चित्रफितींच्या द्वारा ही द्वंद्वे कोट्यवधी वेळा पाहिली गेली आहेत. छापील कवितेला अशा वाचकसंख्येचे स्वप्नही पडणार नाही. शब्दश्लेष, दीर्घ यमके, प्रसंगावधान यांची तेथे जी कसोटी लागते ती खरोखर थक्क करणारी आहे. परंतु प्रतिस्पर्ध्याची आई, बहीण वा प्रेयसी यांच्याविषयी अश्लील कल्पना रचणे आणि त्याला बायकी ठरविणे ही तेथील नित्याची आयुधे होत. आणि स्त्री स्पर्धकांची संख्या अत्यल्प आहे.

याचे समर्थन करणारे म्हणतात, की हा खेळ आहे. शिवी येथे शिवी राहत नाही, ती कौशल्याचे साधन होते. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कृष्णवर्णीय अमेरिकेत ‘डझन्स’ नावाचा परस्परांच्या आईवरून बोलण्याचा खेळ जुना आहे, आणि शिमग्याची बोंब ऐकलेल्या आपल्या वाचकांनाही विधिनिषेधाच्या तात्पुरत्या शैथिल्याची कल्पना आहेच. पण खेळाची एक अट असते. ज्याच्यावर वार होतो त्याला उलट वार करण्याची संधी हवी. डझन्स मुलीही खेळत. फ्लिपटॉपच्या रंगणात स्पर्धक पुरुष एकमेकांना उत्तर देऊ शकतात. ज्या स्त्रीच्या नावाने वार होतो ती रंगणात नसतेच. खेळणारे दोघे आणि जखम तिसऱ्याला, हा खेळाचा नियम होऊ शकत नाही. २०१९ साली फिलिपाईन्समध्ये सुरक्षित सार्वजनिक स्थळांचा कायदा झाला. लोक त्याला ‘बावाल बास्तोस’, म्हणजे ‘असभ्यतेला मनाई’, या नावाने ओळखतात. स्त्रीला उद्देशून रस्त्यावर जे बोलणे त्या कायद्याने दंडनीय ठरविले, त्याच जातीच्या बोलण्याला रंगणात टाळी मिळते. कायदा रंगणात न्यावा असे येथे सुचवायचे नाही. समाजाने रस्त्यावर ज्याला अपमान म्हटले त्याला कलेत केवळ कौशल्य म्हणता येईल काय, एवढेच विचारायचे आहे.

फिलिपिनो स्त्रीच्या बाबतीत या अपमानाला एक अधिक कडू संदर्भ आहे. क्लार्क आणि सुबिक या तळांच्या आश्रयाने आंगेलेस आणि ओलोंगापो ही गावे वेश्याव्यवसायाची केंद्रे बनली. १६ सप्टेंबर १९९१ रोजी फिलिपाईन्सच्या सेनेटने तळांचा नवा करार नाकारला आणि १९९२ च्या अखेरीस अमेरिकन आरमाराने सुबिक सोडले. पण परकीय पुरुषांच्या दृष्टीत फिलिपिनो स्त्रीची जी प्रतिमा ठसली ती मागे राहिली. ‘ब्लॅक आइड पीझ’ या अमेरिकन गायकवृंदातील ॲपल-डी-ॲप याचा जन्म आंगेलेस येथेच झाला. आई फिलिपिनो, वडील कृष्णवर्णीय अमेरिकन. त्याने रचलेले ‘बेबोत’ हे तागालोग गीत २००५ साली जगभर ऐकले गेले. मातृभाषेला मिळालेल्या या मानाने फिलिपिनो श्रोते हरखून गेले. ‘बेबोत’ या बोलीतील शब्दाचा अर्थ मात्र ‘आकर्षक पोरगी’ असा आहे. २००६ साली या गीतावर दोन चित्रफिती निघाल्या. त्यांतील अर्वाचीन काळातल्या चित्रफितीत स्त्रियांचे जे देहप्रदर्शन होते, त्याविरुद्ध अमेरिकेतील फिलिपिनो अध्यापकांनी व कार्यकर्त्यांनी त्याच वर्षी खुले पत्र लिहिले. पत्र लिहिणारी माणसे या गीताची शत्रू नव्हती. आपल्या समाजाचे चित्र प्रथमच एवढ्या मोठ्या पडद्यावर येत असता त्यातील स्त्री तळांच्या छायेतलीच का असावी, हा त्यांचा प्रश्न होता. राष्ट्राभिमानाचे गीत स्त्रीच्या अवहेलनेपासून आपोआप मुक्त होत नाही, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

याच्या उलट उदाहरणेही दिली पाहिजेत. ग्लोक-९ या नावाने प्रसिद्ध असलेल्या आरिस्तोतले पोयिस्को याने २०१२ साली ‘सिरेना’ हे गीत केले. बापाचा मार खात वाढलेल्या समलिंगी मुलाची कहाणी त्यात आहे. २०१३ साली त्याने ‘माग्दा’ या गीतात देहविक्रय करणाऱ्या स्त्रीची व्यथा मांडली. ज्या कलेत ‘बायकी’ ही शिवी आहे त्याच कलेत ही करुणा संभवते, याचा अर्थ दोष साच्यात नाही, तो वापरण्यात आहे. तरीही ही करुणा पुरुषाने स्त्रीच्या वतीने बोललेली आहे, हे नाकारता येत नाही.

तिच्या स्वतःच्या आवाजाचे उदाहरण म्हणून रुबी इबारा हिच्याकडे पाहावे. ताक्लोबान येथे जन्मून लहानपणी कॅलिफोर्नियात गेलेल्या या कवयित्रीचा ‘सिर्का९१’ हा संग्रह २०१७ साली निघाला. त्यातील ‘अस’ या गीतात रॉकी रिव्हेरा, क्लासी आणि फेथ सांतिया या तिघी तिच्याबरोबर आहेत. चार स्त्रिया एका गीतात एकामागून एक बोलतात. वाद पुरुषाशी नाही, परस्परांशी नाही, तर आपल्याविषयी इतरांनी केलेल्या वर्णनाशी आहे. तागालोग, इंग्रजी आणि वाराय या भाषांत ती रचना करते. २०२५ साली ‘बाकुनावा’ या तिच्या गीताने अमेरिकेच्या राष्ट्रीय सार्वजनिक नभोवाणीची ‘टायनी डेस्क’ स्पर्धा जिंकली. बाकुनावा म्हणजे फिलिपिनो पुराणकथेतील चंद्र गिळणारा सर्प. साचा ब्राँक्सचा, पुराणकथा बिसाया बेटांची, भाषा ताक्लोबानची. आणि यांत कोणाचे काही हिरावून घेतल्यासारखे वाटत नाही. जिला बोलू दिले जात नव्हते तिने बोलावे, या मूळ प्रेरणेशीच हे काव्य जोडलेले आहे.

मग उसन्या कलेचा न्याय समीक्षेने कसा करावा? साचा कोठून आला हे विचारणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. घेणाऱ्याने त्या साच्यातील काय निवडले आणि काय वगळले, हे विचारले पाहिजे. रॅप हा ज्यांचे कोणी ऐकत नव्हते त्यांनी स्वतःला ऐकविण्याचा मार्ग म्हणून निर्माण झाला. ज्याने तो घेऊन आपल्या समाजातील न ऐकलेल्यांना वाणी दिली, त्याने ऋण फेडले. ज्याने तोच घेऊन घरातील मुक्या व्यक्तीला अधिक मुके केले, त्याने पेहराव कितीही देशी केला, गीताला कितीही राष्ट्रीय नाव दिले, तरी तो अपहारच होय. आणि त्याचे उत्तरदायित्व ब्राँक्सवर टाकता येत नाही, बालागतासवरही टाकता येत नाही.

फिलिपिनो समीक्षकांनी फ्लिपटॉपचा संबंध बालागतासानशी जोडून या तरुण कवींना वाङ्मयेतिहासात जागा दिली, हे योग्यच झाले. परंतु वंशावळ लिहावयाची तर ती पुरी लिहावी. तीत हर्कबरोबर सिंडी कॅम्बेल हवी, ‘रॅपर्स डिलाइट’बरोबर सिल्व्हिया रॉबिन्सन हवी, दुप्लोत उलट जबाब देणाऱ्या त्या अनाम स्त्रिया हव्यात, आणि १९२४ च्या त्या सभेला ज्या स्त्रीशिक्षणसंस्थेने जागा दिली तिची संस्थापिका रोसा सेविया दे आल्वेरो हीही हवी. अशी वंशावळ हाती असलेल्या तरुण स्पर्धकाला रंगणात उतरताना आपल्या मागे कोण कोण उभे आहे हे कळेल, आणि ज्या स्त्रीच्या नावाने तो पुढचे यमक जुळविणार आहे ती त्यांतलीच एक असल्याचेही कळेल.